सावाबेची फौज

सावाबेकरांनी मुखवटे मागितले, तेव्हाच किहेई ओबाताच्या मनात पाल चुकचुकली.

खरं तर पाल त्याआधीच, रश्श्याच्या विषयाला चुकचुकली होती. उत्सवाच्या बैठकीत दरवर्षी भांडण व्हायचं ते अळकुड्यांच्या रश्श्यावरून. उत्सवातली लुटुपुटीची लढाई संपली की नदीकाठी दोन्ही वाड्यांची मोठाली पातेली चढतात. काझामीकर त्यात सोया सॉस घालतात, नदीपलीकडचे सावाबेकर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा घालतात, आणि दोघांनाही दुसऱ्याचा रस्सा म्हणजे गुरांच्या आंबोणासारखा वाटतो. यंदा विषय निघाला, काझामीकर बाह्या सरसावून बसले, आणि सावाबेचा सेनापती सेरिझावा मान लववून म्हणाला, "आपण म्हणाल तसं. यंदा एकच पातेलं ठेवू. सोया सॉसचं."

काझामीकरांनी बाह्या पुन्हा खाली केल्या. मग सेरिझावा हळूच म्हणाला, "फक्त एक विनंती आहे. आमच्या योद्ध्यांना यंदा लोखंडी मुखवटे घालू द्या. जुन्या चित्रांत तसेच दिसतात."

सगळ्यांनी रश्श्याच्या आनंदात माना डोलावल्या. किहेईने डोलावली नाही. तो काझामीचा सेनापती होता, चाळीसेक वर्षं लढाई जिंकत आला होता, आणि जिंकणाऱ्या माणसाला झोप कशी सावध लागते ते त्याला ठाऊक होतं.

लढाई जिंकण्यात त्याची करामत काही नव्हती म्हणा. चारशे वर्षांपूर्वी या नदीच्या पात्रात काझामीच्या सरदाराने सावाबेच्या सरदाराला हरवलं, म्हणून दर शरदात आधी गावातून चिलखतांची मिरवणूक निघते, मग पात्रात लढाई होते आणि सावाबेकर एकूण एक आडवे होतात. शंख वाजला की मेलेले उठतात, दोन्ही बाजू एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि रश्श्याकडे पळतात. पण सावाबेकरांच्या पोटात ते हरणं सलत असणार, याबद्दल किहेईला तिळमात्र शंका नव्हती. त्याच्या आजोबांच्या काळात त्यांनी पलीकडच्या खोऱ्यातले लाकूडतोडे भाड्याने आणून लढाई जिंकायचा घाट घातला होता. तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, प्रत्येक वाडीने आपल्याच मातीतले तीस योद्धे उभे करायचे. नाही जमलं तर वाडी उत्सवातून कायमची बाद आणि तिचं निशाण संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात. दुसरी म्हणजे तोंडपाहणी. लढाईआधी प्रत्येक सेनापती शत्रूच्या रांगेपुढून चालत जातो, एकेकाच्या तोंडाकडे बघतो आणि ओळख पटली की 'हजर' म्हणतो. नाही पटली तर 'बाद'.

आता तोंडच झाकलं तर पाहणी कसली करायची?

"परके आणणार आहेत ते," घरी आल्या आल्या किहेई बायकोला म्हणाला. "यंदा त्यांना जिंकायचंय."

तोमिए मुळा किसत होती. "अहो, जिंकून काय करणार आहेत? आणि सेरिझावा-सान तुमचे शाळेतले दोस्त ना?"

"म्हणून तर. साठ वर्षं मला 'अरे किहेई' म्हणणारा माणूस आज 'आपण' म्हणत होता. माणूस उगाच 'आपण' म्हणत नाही."

"मीही म्हणते की तुम्हाला 'अहो'. माझ्यावरही पाळत ठेवा."

बायकोला युद्धनीती कळत नाही, असं किहेईचं जुनं मत होतं.

किहेईचं हार्डवेअरचं दुकान होतं, खिळ्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं मिळायचं. बैठकीनंतर आठवडाभराने सावाबेची फुसेबाई आपला छोटा पांढरा ट्रक घेऊन आली. ऐंशीला टेकलेली, पाठीतून वाकलेली, नवरा गेल्यापासून एकटी. तिने सुंभाची मोठाली वेटोळी घेतली, बांबूचे गठ्ठे घेतले, काळ्या रंगाचे डबे घेतले.

"एवढ्या दोरीचं काय करताय, फुसे-सान?"

"पर्सिमनची फळं वाळत घालायचीत."

"काळे रंगवून?"

फुसेबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने बांबू ट्रकमध्ये चढवले. ट्रक पूल ओलांडून दिसेनासा झाला आणि किहेई दारात उभा राहून दोरी, बांबू आणि काळा रंग यांची सांगड घालत बसला. शिड्या? सापळे? नदीच्या पात्रात दोऱ्या पुरून ठेवायच्या आणि काझामीची फौज धावत आली की ओढायच्या? त्याच्या डोळ्यांपुढे आपण चिलखतासकट तोंडावर आपटल्याचं चित्र उभं राहिलं, आणि नाकाला मिरच्या झोंबल्या.

केस वाढले होते. पंचक्रोशीत न्हावी एकच, तो म्हणजे सेरिझावा. दुसरं कोणी असतं तर किहेई गेला नसता. खुर्चीत बसून मान मागे टाकली, गळ्यावर गरम टॉवेल आला, मग वस्तरा आला.

"तयारी कशी चाललीय तुमची?" किहेईने ओठ न हलवता विचारलं.

"आपल्या कृपेने ठीक."

"माणसं जमली सगळी?"

वस्तरा क्षणभर थांबला. ते किहेईला गळ्यावर नीट कळलं.

"जमताहेत," सेरिझावा म्हणाला. "आपण हलू नका हं."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बाकावरची मासिकं गेल्या वर्षीची होती. पूर्वी या बाकावर बसायला जागा मिळायची नाही, हे किहेईला आठवलं. पण त्यावर विचार करायला तो आला नव्हता. दाढी झाल्यावर सेरिझावाने वाढलेल्या भुवयाही कापून दिल्या, खांदे चेपून दिले आणि दारापर्यंत पोचवायला आला. एवढं अगत्य पाहून किहेईची खात्रीच पटली की पाणी मुरतंय.

त्याने दाइगोला बोलावलं. दाइगो नगरपालिकेत कामाला, चाळिशीचा, काझामीचा उपसेनापती. माणसं गोळा करणं, चिलखतं वाटणं, जेवणाचे डबे मागवणं ही सगळी यातायात तोच करायचा. सेनापतीने फक्त शिंगांचं शिरस्त्राण घालून पुढे उभं राहायचं.

"सावाबेची सराव करायची जागा कुठली?"

"बंद पडलेल्या शाळेचं सभागृह. पण पडदे लावून घेतात," दाइगो म्हणाला. "आपण कशाला जायचं, ओबाता-सान? एका पोलिसाला..."

"पोलीस कशाला? चल तू."

दोघं सूर्य कलताना पूल ओलांडून गेले. शाळेच्या पटांगणात कमरेएवढं गवत माजलं होतं. किहेई सत्तरीचा असूनही गवतातून असा सरपटला की दाइगोने तोंडावर हात धरला. एका खिडकीचा पडदा बोटभर सरकलेला होता.

आत फौज उभी होती. काळी चिलखतं, भुवयांपर्यंत ओढलेली शिरस्त्राणं, खाली मुखवटे. तीन सरळ रांगा. किहेई श्वास रोखून बघत राहिला. कोणी खोकत नव्हतं. कोणी खाजवत नव्हतं. कोणी या पायावरून त्या पायावर होत नव्हतं. काझामीची माणसं पूर्वी सरावाला यायची तेव्हा निम्मी फोनवर असायची आणि निम्मी बिअर कुठे ठेवलीय ते विचारायची. इथे गवतातल्या डासांनी किहेईचे कान फोडून काढले, खिडकीतला उजेड उतरला, तरी एकाचीही मान हलली नाही.

"बघितलंस?" परत येताना तो कुजबुजला. त्याचा चेहरा उतरला होता. "ही गावची माणसं नव्हेत. सैन्यातली आहेत. सेंदाईच्या छावणीतून आणलीत."

"छे हो."

"मग अशी शिस्त कुठून येते? सेरिझावाला स्वतःचं कुत्रं बस म्हटलं तर बसवता येत नाही."

किहेईने त्याच रात्री ठरवून टाकलं. भर पात्रात, सगळ्या गावासमोर पहिल्याच मुखवट्याला हात घालायचा. परका निघाला की 'बाद'. सावाबेचं, चतुर किड्याचं निशाण, कधी मागे न उडणाऱ्या त्या चतुराचं, पौर्णिमेच्या आत काचेच्या कपाटात गेलं पाहिजे.

उत्सवाचा दिवस स्वच्छ उजाडला. मिरवणूक किल्ल्याच्या चौथऱ्यावरून निघाली. पुढे शंख फुंकणारे, मग भाले घेतलेल्या बायका, मग पुठ्ठ्याची शिरस्त्राणं घातलेली बालवाडी, त्यातली निम्मी आईला शोधत. किहेई घोड्यावर होता. घोडा भाड्याचा आणि स्वभावाने थंड होता, पण लाल दोरीने विणलेलं चिलखत, शिरावर सोनेरी शिंगं आणि दुतर्फा टाळ्या म्हटल्यावर त्याची छाती फुगली नसती तरच नवल. बाजाराच्या वळणावर त्याने मागे पाहिलं. सावाबेची फौज छोट्या पांढऱ्या ट्रकांतून येत होती. ट्रकांना कागदी तटबंदी लावलेली आणि वर योद्धे ताठ उभे. दारात उभ्या तोमिएने त्यांनाही टाळ्या वाजवल्या, हेही त्याने पाहून ठेवलं.

"ट्रकातून कसले योद्धे येतात?" त्याने लगाम धरलेल्या दाइगोला विचारलं.

"पाय दुखतात म्हणे."

"सैन्यातल्या माणसांचे?"

नदीच्या पात्रात कनात लावून सावाबेकरांनी आपली रांग लावली आणि मगच कनात उघडली. काठावर गाव जमलं होतं. पातेल्यांखाली जाळ लागला होता. ढोल थांबला. किहेई घोड्यावरून उतरला आणि गोट्यांवरून चालत शत्रूच्या रांगेकडे निघाला. मागे दाइगो होता. बाजूला, रिवाजाप्रमाणे, सेरिझावा. त्याचा चेहरा त्याच्याच दुकानातल्या टॉवेलासारखा पांढरा पडला होता. ते पाहून किहेईला बरं वाटलं.

पहिल्या योद्ध्यासमोर तो थांबला. मुखवट्यामागून खोकला आला. हा खोकला त्याने दुकानात शंभरदा ऐकला होता.

"फुसे-सान?"

"पुढे बघा," मुखवटा म्हणाला.

योद्धे पुरुषच हवेत, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. किहेई गोंधळला. नाइलाजाने "हजर" म्हणून पुढे सरकला. दुसरा योद्धा चांगला उंच होता. शिरस्त्राणाची कड आणि मुखवटा यांच्यामधल्या सावलीत त्याने डोळे शोधले, आणि त्याला कोटाची दोन बटणं दिसली.

त्याने मुखवट्याला हात घातला आणि तो खाली ओढला. पांढऱ्या कापडाचं तोंड होतं, आत पेंढा भरलेला. डाव्या डोळ्याखाली काळ्या दोऱ्याने टपोरा तीळ विणला होता. मानेपाशी टपाल खात्याच्या जुन्या गणवेशाची कॉलर दिसत होती.

गोन्पेई. फुसेबाईचा नवरा. सावाबेचा पोस्टमन. किहेईने त्याला याच पात्रात वीसेक वेळा तरी ठार केलं असेल. दर वेळी गोन्पेई हात पसरून, डोळे फिरवून असा मरायचा की काठावरची पोरं हसून लोळायची. खरा मेला तेव्हा पावसाळ्याचे दिवस होते, आणि किहेई दुकान बंद करून अंत्यविधीला गेला होता.

बांबू, सुंभ आणि काळा रंग कशासाठी होता, ते एका क्षणात कळलं. शिस्तीचं रहस्यही कळलं. किहेईला आधी राग आला, मग हसू येईलसं वाटलं. त्याने रांगेवरून नजर फिरवली. कुठे कुठे एखादा योद्धा श्वास घेत होता, म्हातारपणाने जरा झुकला होता. बाकीचे सगळे ताठ होते. या लोकांना जिंकायचं नव्हतं. त्यांच्याकडे हरायलासुद्धा माणसं उरली नव्हती.

सेरिझावा त्याच्या कानाशी आला. सगळं 'आपण' गळून पडलं होतं. "किहेई, तुला 'बाद' म्हणायचं असेल तर लवकर म्हण. फुसेला फार वेळ उभं राहवत नाही."

"काय झालं?" मागून दाइगोने मान लांब केली. "कोण आहे? ओळखीचा आहे का?"

निशाणावरचा चतुर वाऱ्याने फडफडत होता. महिनाभर घोटून ठेवलेला शब्द किहेईच्या जिभेवर तयार होता.

त्याने मुखवटा वर केला, कॉलर सरळ केली आणि काठापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोस्टमन गोन्पेई. हजर."

फुसेबाईच्या मुखवट्यातून एक बारीक आवाज आला. तो खोकला नव्हता.

दाइगोने तोंड उघडलं, किहेईने त्याच्याकडे पाहिलं, दाइगोने तोंड मिटलं. मग किहेई एकेक मुखवटा बोटभर खाली करून बघत गेला. घाईने नाही, नीट बघून. चष्मा शिवलेला होता तो शाळामास्तर सोइचिरो, सेंदाईला लेकीकडे गेलेला. "हजर." गालाला कात्रीचा वण काढलेला कात्सुमी, सायतामाच्या मोटारींच्या कारखान्यात. "हजर." हिसाओ, ज्याने एका वर्षी संहिता विसरून किहेईच्या डोक्यात खरोखरची काठी घातली होती आणि मग रुग्णालयात संत्री घेऊन आला होता. शिवणाऱ्या बाईने त्याला तसंच ओशाळं हसू दिलं होतं. "हिसाओ, हजर. काठी सांभाळ," किहेई म्हणाला, आणि काठावर कोणीतरी हसलं. जिवंत माणसांना त्याने हजर म्हटलं, मेलेल्यांना म्हटलं, गाव सोडून गेलेल्यांना म्हटलं. रांग संपली तेव्हा तीस भरले होते.

"हे पडणार कसे?" त्याने हळूच विचारलं.

"दोरी बांधलीय," सेरिझावा म्हणाला. "तुझ्याच दुकानातली. एक ओढली की दहा पडतात."

आता सेरिझावाची पाळी होती. काझामीच्या रांगेची तोंडपाहणी म्हणजे किहेईच्या लेखी नुसता उपचार. दरवर्षी तो या वेळी सेनापतीच्या तिपाईवर, आपल्या फौजेकडे पाठ करून बसायचा आणि दाइगोने दिलेल्या बाटलीतून दोन घोट घ्यायचा. शत्रू समोर असताना मागे काय बघायचं? पण आज त्याला बसवेना. तो सेरिझावाबरोबर चालू लागला.

"ओबाता-सान, आपण बसा ना," दाइगो लगबगीने म्हणाला. "मी जातो बरोबर. बाटली तिथेच ठेवलीय."

महिनाभर सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या किहेईने या माणसाकडे आत्ता पहिल्यांदा नीट पाहिलं. दाइगोच्या कपाळावर घाम होता.

पहिले चार-पाच चेहरे ओळखीचे होते. भाजीवाला, छपाईवाला, देवळाचा पुजारी, दंतवैद्य, सगळे पांढऱ्या भुवयांचे. त्यानंतर एक कोवळा चेहरा आला, कानाला भोक, शिरस्त्राणाखालून तांबूस रंगवलेले केस. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. मग तिसरा. थेट टोकापर्यंत. एकजण च्युइंगम चघळत होता, सेनापतीला बघून त्याने ते गिळलं. किहेईला त्यातला एकही ओळखता येईना.

सेरिझावा पहिल्या पोरापुढे थांबला. त्याने त्याच्याकडे नीट, दाढी करण्यापूर्वी गिऱ्हाईकाकडे बघावं तसं पाहिलं. "तामाकींचा नातू," तो म्हणाला. "हजर."

तामाकी म्हातारी निपुत्रिक वारली होती. तिचं घर ओस पडून छपरावर वेल चढला होता.

"तांदूळवाल्या होरिइंचा धाकटा. हजर. वरच्या गल्लीतल्या नानाओचा मुलगा. उंच झालास रे. हजर."

तांदळाचं दुकान बंद होतं. वरच्या गल्लीत आता दिवा लागत नव्हता. पोरं कावरीबावरी होऊन दाइगोकडे बघत होती, आणि दाइगो आपल्या गवती चपलांकडे.

"कुठली आहेत ही?" किहेईने विचारलं. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

"विद्यापीठातली," दाइगो पुटपुटला. "नाटक मंडळातली. जेवण आणि बसभाडं देतो. ओबाता-सान, माणसं नाहीत हो. मी तरी काय करणार होतो? निशाण कपाटात जाऊ द्यायचं का?"

किहेई सेरिझावाकडे वळला. "तू पहिल्यांदाच बघतोयस का हे?"

"छे. बरीच वर्षं झाली. आधी दोघं-तिघं होते. मग वाढत गेले."

"आणि तू दर वेळी हजर म्हणालास."

"म्हणालो."

"का? एक शब्द बोलला असतास तर आमचं निशाण काचेत गेलं असतं. पुन्हा कधी हरावं लागलं नसतं तुम्हाला."

सेरिझावाने गुडघा चोळला. "हरायलाही समोर कोणीतरी लागतं, किहेई. तुम्ही गेल्यावर आम्ही कोणाशी लढायचं? अस्वलांशी?"

आपण गवतातून सरपटलो, ते किहेईला आठवलं. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. सेरिझावा पुढे सरकला. रांगेतला शेवटचा पोरगा उरला होता. सडपातळ, कान जरा पुढे आलेले, चिलखत दोन मापं मोठं.

सेरिझावा त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मग किहेईकडे न बघता काठाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "ओबातांचा ऱ्योसुके. हजर."

काठावर तोमिए उभी होती. तिने कपाळावर आडवा धरलेला हात खाली घेतला.

ऱ्योसुके ओसाकाला गेला तेव्हा बापाशी भांडून गेला होता. खिळे विकायला जन्मलो नाही, म्हणाला होता. नव्या वर्षाचा फोन आईला येतो. किहेई तेव्हा दुकानात काहीतरी आवरत असतो.

रांगेतल्या पोराला काही कळलं नव्हतं. पण समोर शिंगांचा म्हातारा येऊन उभा राहिला तसा तो ताठ झाला आणि "हो" म्हणाला. शंखवाल्याने शंख तोंडाला लावला. पलीकडे सावाबेची फौज, न हलता, न कुरकुरता, हरायला तयार उभी होती.

किहेईने पोराच्या हनुवटीखालची सैल गाठ सोडली आणि सावकाश, घट्ट बांधून दिली.

"खाली बघून पळ," तो म्हणाला. "गोटे निसरडे असतात इथले."